जागा निघाली, लिंक आली

गोंदिया जिल्ह्यात कामाची बातमी पूर्वी ठरलेल्या वाटांनी यायची. तेंदूपत्त्याचा हंगाम लागला की गावात मुनादी व्हायची. रोवणीसाठी बाया जमवायच्या असल्या की शेतकऱ्याचा निरोप आदल्या संध्याकाळी मोहल्ल्यात पोहोचायचा. दुकानातली किंवा राइस मिलमधली जागा कुणाच्या तरी शब्दावर भरायची. सरकारी नोकरी हवी असेल तर सेवायोजन कार्यालयात नाव नोंदवायचं, कार्ड काढायचं, मुदतीत त्याचं नूतनीकरण करायचं आणि 'कॉल'ची वाट बघत बसायचं. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा जिल्हा झाला. तोवर देवरी-सालेकशाच्या मुलांसाठी जिल्ह्याचं ठिकाण भंडाराच होतं. नूतनीकरणाची तारीख चुकली की ज्येष्ठता गेली, हा धाक त्या पिढीने वर्षानुवर्षं बाळगला.

१९९६ साली आंध्र प्रदेशातल्या उत्पादन शुल्क खात्याच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, नुसती सेवायोजन कार्यालयाकडून नावं मागवून भागणार नाही. वर्तमानपत्रात जाहिरात द्या, फलकावर लावा, रेडिओ-टीव्हीवर सांगा आणि जो अर्ज करील त्याचा विचार करा. जागा निघाल्याचं सगळ्यांना कळलं पाहिजे, हे तत्त्व तेव्हा कागदावर पक्कं झालं. गावात मात्र ते अवतरलं वीस वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आल्यावर. आज अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या केशोरीच्या मुलाला भरतीची जाहिरात पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या मुलाबरोबरच दिसते. 'माझी नोकरी', 'एनएमके' यांसारख्या मराठी संकेतस्थळांवर, टेलिग्रामच्या चॅनलवर, तालुक्याच्या अभ्यासिकेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अर्ध्या तासात पीडीएफ फिरते. हा फायदा खरा आहे, मोठा आहे. पुढे जे लिहायचं आहे त्याआधी तो मान्य करून टाकलेला बरा.

पण जाहिरात सगळ्यांना दिसली म्हणजे रांगही सगळ्यांची लागली. २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. शुल्क खुल्या गटाला १,००० रुपये आणि राखीव गटाला ९०० रुपये. साधा गुणाकार केला तरी रक्कम नव्वद कोटींच्या पुढे जाते. त्याच वर्षी जिल्हा परिषदांच्या भरतीतही हजार-नऊशेचाच हिशोब होता, आणि एकच मुलगा दोन-तीन पदांचे अर्ज भरत होता. पूर्वी खर्च एसटीच्या तिकिटाचा होता. आता तो शुल्काचा, सायबर कॅफेचा, रिचार्जचा, आणि केंद्र दुसऱ्या जिल्ह्यात लागलं तर तिथल्या मुक्कामाचा झाला आहे. उमेदवार शोधण्याचा खर्च मालकाने करायचा असतो, हा जुना समज उलटला. इथे नोकरी शोधणारा स्वतःच तो खर्च भरतो.

आणि अर्ज 'मोबाइलवरून' भरला जातो, हेही अर्धसत्यच. जाहिरात मोबाइलवर दिसते. फॉर्म भरतो तो आपले सरकार सेवा केंद्रातला किंवा कॅफेतला ऑपरेटर. फोटो किती केबीचा, सही कोणत्या मापाची, नॉन-क्रिमिलेअरची तारीख कुठे टाकायची, हे त्याला ठाऊक असतं. घाईच्या दिवसांत तो कित्येकदा स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल टाकून मोकळा होतो. मग ओटीपी त्याच्याकडे, पासवर्ड त्याच्याकडे, हॉल तिकिटाचा मेसेजही त्याच्याकडे. सेवायोजन कार्यालयातल्या बाबूची जागा त्याने घेतली. फरक इतकाच की बाबूला काही विचारायचं तर ठरलेलं कार्यालय होतं, टेबल होतं.

सरकारी भरतीत तंत्रज्ञानाने वशिला कमी केला का, याचं उत्तर खात्यागणिक बदलतं. शिक्षकभरतीचं 'पवित्र' पोर्टल २०१७ मध्ये आलं ते खाजगी अनुदानित शाळांतली देवाणघेवाण मोडण्यासाठी. गोंदियासारख्या, शिक्षणसंस्थांचं जाळं दाट असलेल्या जिल्ह्यात त्याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. गुणवत्ता यादी पडद्यावर आली, पण संस्थांना मुलाखतीने निवड करण्याचा पर्याय राहिला, आणि जिथे मुलाखत राहिली तिथे शंकाही राहिली. एकाच वेळी अनेक खात्यांच्या परीक्षा घेणारं महापरीक्षा पोर्टल तर उमेदवारांच्या तक्रारींनी २०२० मध्ये बंदच करावं लागलं. २०२१ च्या अखेरीस आरोग्य विभागाच्या पेपरफुटीची आणि शिक्षक पात्रता परीक्षेतल्या (टीईटी) घोटाळ्याची अटकसत्रं झाली. प्रश्नपत्रिका फुटायला पूर्वी झेरॉक्सवाला लागायचा. आता एक फोटो पुरतो.

त्याच फोनने उमेदवारांना आवाजही दिला. राज्यसेवेची १४ मार्च २०२१ ची पूर्वपरीक्षा तीन दिवस आधी पुढे ढकलल्याचं कळताच पुण्यात काही तासांत मुलं रस्त्यावर उतरली आणि परीक्षा २१ मार्चला घ्यावी लागली. ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य लोकसेवा आयोगाची आणि बँकभरतीची आयबीपीएस परीक्षा एकाच दिवशी आली, तेव्हाही तसंच. त्या गर्दीत विदर्भातली मुलं होती आणि गावी राहिलेली मुलं स्टेटस ठेवून सामील होती. मात्र याच वाटेने अफवाही धावते. जून २०२४ मध्ये यूजीसी-नेट परीक्षा झाल्याच्या दुसऱ्या दिवशी रद्द झाली. कारण टेलिग्रामवर फिरणारा प्रश्नपत्रिकेचा स्क्रीनशॉट. तो बनावट होता, असं सीबीआयच्या तपासात नंतर निघालं. नऊ लाखांवर उमेदवारांची परीक्षा एका बनावट चित्रापायी गेली.

पोलीस भरतीचं प्रकरण इथे वेगळंच. नक्षलग्रस्त म्हणून ओळखल्या गेलेल्या या पट्ट्यात पोलिसाची नोकरी म्हणजे पगार, वर्दी आणि गावात मान. २०२२ पासून आधी ५० गुणांची मैदानी आणि मग १०० गुणांची लेखी असा क्रम आहे. त्यामुळे पहाटे तालुक्याच्या रस्त्यांवर १,६०० मीटरचा सराव करणारी मुलं आणि ८०० मीटरच्या मुली दिसतात. खिशात किंवा दंडावर मोबाइल असतोच. यूट्यूबवर गोळाफेकीचं तंत्र, इन्स्टाग्रामवर अकॅडमीचं रील, टेलिग्रामवर मागच्या वर्षीच्या प्रश्नपत्रिका. २०२४ च्या सतरा हजारांवर जागांच्या भरतीत राज्यभर हेच चित्र होतं. सैन्याचंही तेच: २०२३ पासून अग्निवीरासाठी आधी संगणकावर सामायिक परीक्षा, पास झालात तरच नागपूर कार्यालयाच्या मेळाव्याला. नुसत्या दमावर भरती होण्याचे दिवस संपले. धावायला तयार असलेला पण माउस कधी हातात न धरलेला मुलगा पहिल्याच गाळणीत अडकतो. माझं मत असं की या अकॅडम्यांच्या रील्सनी तयारीपेक्षा आशाच जास्त विकली. निवड झालेल्या दहाजणांचे हार घातलेले फोटो दिसतात, परत गेलेल्या दोनशे जणांचं रील कुणी काढत नाही.

खाजगी नोकरीकडे वळलं की या विषयाचा खरा गाभा लागतो. जिल्ह्यात मोठा कारखाना म्हटला की तिरोड्याचा ३,३०० मेगावॉटचा औष्णिक वीज प्रकल्प. बाकी राइस मिल, दुकानं, दवाखाने, शाळा, पतसंस्था. आयटीआय किंवा बारावी झालेला मुलगा म्हणून बाहेरच बघतो. गोंदियाहून पुण्याला जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस आहे, आझाद हिंद आहे. मुंबईला विदर्भ एक्स्प्रेस. गाड्या जुन्या, पण त्यात बसण्याचं कारण आता एखाद्या मेसेजने मिळतं: 'चाकण-रांजणगाव, नामांकित कंपनी, दहावी ते आयटीआय, फ्रेशर चालेल, बस-कॅन्टीन फ्री, जॉइनिंग लगेच, संपर्क'. खाली एक नंबर. कंपनीचं नाव नाही, कंत्राटदाराचं नाही, पगार 'हातात' की पीएफ-ईएसआय धरून, तेही नाही. बऱ्याचदा मेसेज हिंदीत असतो, कारण गोंदिया शहराची बाजारभाषाच निम्मी हिंदी आहे आणि तोच मेसेज बालाघाट, डोंगरगडलाही जायचा असतो.

यात विश्वास कशावर ठेवायचा? इथे १९७३ सालचं एक संशोधन आठवतं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी दाखवलं होतं की माणसाला नोकरीची बातमी जिवलगांकडून कमी आणि अधूनमधून भेटणाऱ्या ओळखीच्यांकडून जास्त मिळते, कारण जिवलगांना ठाऊक असतं ते आपल्यालाही ठाऊकच असतं. २०२२ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात लिंक्डइनच्या सुमारे दोन कोटी वापरकर्त्यांवरचा अभ्यास आला. त्यानेही साधारण हाच कौल दिला. गोंदियाच्या खेड्यात लिंक्डइन कुणाला फारसं ठाऊक नाही. इथला 'अधूनमधून भेटणारा' म्हणजे दोन वर्षांपूर्वी चाकणला गेलेला, दिवाळीला घरी येणारा शेजारच्या गावचा पोरगा. त्याचा व्हॉट्सॲप ग्रुप हेच इथलं रोजगार कार्यालय. तो 'ये, जागा आहे' म्हणाला की चार जण निघतात. उतरायला त्याची खोली असते, पहिल्या महिन्याची उसनवारी असते, सुपरवायझरशी बोलणारं तोंड असतं. १९९७ पासूनचं नोकरी डॉट कॉम, २०१५ मधलं केंद्र सरकारचं नॅशनल करिअर सर्व्हिस पोर्टल, २०१९ नंतरचं 'अपना' ॲप, राज्याचं महास्वयंम या सगळ्यांकडे लाखो नोंदी आहेत. पण ही खोली आणि हे तोंड त्यांच्याकडे नाही. शिवाय ॲपवर 'गोंदिया' टाकलं की पुष्कळदा समोर येतं ते विमा एजंट, कर्जवसुली, डिलिव्हरी, टेलिकॉलिंग. कमिशनच्या कामाला 'जॉब' म्हणण्याची चलाखी ॲपवाल्यांनी सर्रास चालू दिली आहे.

शेतमजुरी आणि स्थलांतराची भरतीही याच यंत्रात शिरली आहे. २००७ साली पी. साईनाथ यांनी तिरोड्याच्या मजूर बायांवर लिहिलं होतं: पहाटे घर सोडायचं, रेल्वेने लांबच्या गावी शेतात राबायचं, दिवसाच्या तीस रुपयांसाठी आठवड्याला हजार किलोमीटरचा प्रवास करायचा. कुठल्या स्टेशनवर उतरलं की काम मिळतं, हे तेव्हा डब्यात कळायचं. आता फोनवर आधी ठरतं. पूर्व विदर्भातून तेलंगणात मिरची तोडायला जाणाऱ्या टोळ्यांचा मुकादम आधार कार्डाचे फोटो व्हॉट्सॲपवर मागवतो, पेशगी यूपीआयने टाकतो, गाडी कधी येईल ते व्हॉइस मेसेजने सांगतो. पेशगीची नोंद फोनमध्ये राहते, ही चांगली गोष्ट. मात्र मजुरी किती ठरली, ते बोलण्यातच राहतं. २०२० च्या टाळेबंदीत हैदराबादच्या बाजूने पायी परतणाऱ्यांचे जथे या जिल्ह्याने पाहिले, तेव्हा कोण कुणाच्या कामावर होतं याची यादी प्रशासनाकडे नव्हती. सरकारच्या स्वतःच्या रोहयोत मात्र २०२३ पासून हजेरी ॲपवर फोटो काढून घेणं सक्तीचं झालं. रेंज नसलेल्या जंगलपट्टीत फोटो चढला नाही तर दिवसभर खोदलेल्या मातीचाही पुरावा उरत नाही. ज्याला मजुराची नोंद ठेवायची नाही तो ठेवत नाही, आणि ज्याला ठेवायची आहे तो रेंजवर सोडतो.

मधला माणूस गेला, असं या सगळ्याबद्दल बोललं जातं. तो गेलेला नाही. त्याचं नाव-गाव तेवढं पुसलं गेलं. जुना मुकादम लबाड असला तरी आठवडी बाजारात सापडायचा. त्याच्या सासऱ्याचं गाव माहीत असायचं, पंचायतीत उभं करता यायचं. नवा मुकादम म्हणजे डीपीवर कंपनीचा लोगो लावलेला नंबर. तो खरा असेल, कुणा कंत्राटदाराचा होतकरू पोरगा असेल, किंवा झारखंडात बसलेला ठग असेल. मेसेज तिघांचेही सारखेच दिसतात.

फसवणुकीचे प्रकार आता सगळ्यांना ऐकून माहीत आहेत, तरी दर हंगामात नवं गिऱ्हाईक सापडतंच. नोंदणी फी, युनिफॉर्मची अनामत, मेडिकलचे पैसे. 'घरबसल्या काम' म्हणून टेलिग्रामवर व्हिडिओला लाइक करायला लावणं, आधी दोनशे रुपये देणं आणि मग हजारो उकळणं. विमानतळावर ग्राउंड स्टाफच्या खोट्या भरतीबद्दल विमानतळ प्राधिकरण वारंवार इशारे देत असतं. २०२२ मध्ये गोंदियाच्या बिरसी विमानतळावरून प्रवासी विमानं सुरू झाल्यावर ही जाहिरात इथल्या मुलांना फारच जवळची वाटू लागली असणार, कारण आपल्याच जिल्ह्यात धावपट्टी आहे आणि पायलट घडवणारी संस्थाही आहे. याहून भीषण टोक म्यानमारचं. थायलंडमध्ये डेटा एन्ट्रीची नोकरी म्हणून सोशल मीडियावरून नेलेल्या भारतीयांना सीमेपलीकडच्या छावण्यांत डांबून त्यांच्याकडूनच ऑनलाइन फसवणूक करवून घेतली गेली. मार्च २०२५ मध्ये २८३ जणांना हवाई दलाच्या विमानाने परत आणलं. पुढच्याच महिन्यात महाराष्ट्र सायबरने साठावर भारतीयांच्या सुटकेची आणि दलालांच्या अटकेची माहिती दिली. फसवलेल्या माणसाला फसवायला बसवणं, भरतीचा इतका विकृत वापर यापूर्वी झाला नसेल. पैसे गेल्यावर पहिल्या तासाभरात १९३० वर फोन केला तर रक्कम गोठवता येण्याची शक्यता असते. हे पोस्टर तालुक्याच्या प्रत्येक झेरॉक्सच्या दुकानात असायला हवं.

मुलींची गोष्ट आणखी अवघड. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिला ३८ टक्के निघाल्या, पुरुष सुमारे ६१ टक्के. त्यानंतर परिस्थिती सुधारली असेल, पण घरातला फोन कुणाच्या हातात, हा प्रश्न सुटलेला नाही. नर्सिंग झालेल्या मुलीच्या बायोडेटावर नंबर वडिलांचा किंवा भावाचा. दवाखान्यातून फोन येतो तेव्हा भाऊ शेतात. स्वतःचा नंबर दिला तर 'इंटरव्ह्यू' म्हणून रात्री दहाला फोन करणारेही निघतात, आणि मग ॲप काढून टाकलं जातं. बातमी पोहोचण्याचा वेग वाढला तसा भरतीच्या ग्रुपमधून मुली गुपचूप बाहेर पडण्याचा वेगही वाढला. त्याची मोजदाद कुठल्या पोर्टलवर होत नाही.

आता गाळणीही यंत्राच्या हाती जाते आहे. ॲमेझॉनने बायोडेटा चाळायला बनवलेली प्रणाली बायकांच्या अर्जांना कमी लेखते असं आढळल्याने ती सोडून दिल्याचं २०१८ मध्ये उघड झालं. फेसबुकवर नोकरीची जाहिरात ठरावीक वयाच्या, ठरावीक भागातल्या लोकांनाच दाखवता येत होती. अमेरिकेतल्या खटल्यांनंतर २०१९ मध्ये फेसबुकने तिथे ही मुभा काढली. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये 'सगळ्यांना कळवा' म्हटलं होतं, ते सरकारी नोकरीपुरतं. खाजगी मालक तुम्हाला जाहिरातच दाखवत नसेल तर डावललं गेल्याचं कळणार तरी कसं? दुकानाच्या काचेवरचा कागद निदान रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसायचा. उलट बाजूने उमेदवार मात्र पुरता उघडा असतो. २०२२ मध्ये सैन्यभरतीच्या अग्निपथ योजनेविरुद्ध झालेल्या आंदोलनात जमाव जमवणाऱ्यांचा शोध व्हॉट्सॲप ग्रुपमधूनही घेतला गेला, आणि जाळपोळीत सामील नव्हतो असं लिहून देणं उमेदवारांवर आलं. एका रात्री फॉरवर्ड केलेला व्हिडिओ चारित्र्य पडताळणीत आडवा येऊ शकतो, हे अठरा वर्षांच्या मुलाला कुणी सांगत नाही.

उपाय म्हणून जिल्ह्यात रोजगार मेळावे होतात, आणि मला ते उपयोगी वाटतात, कारण तिथे मालक निदान खुर्चीवर बसलेला दिसतो. त्याला विचारता येतं: पगारपत्रक कुणाच्या नावाने, राहायची सोय कोण करणार, कंत्राट संपलं तर काय. २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावीला ६,०००, आयटीआयला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये दरमहा थेट खात्यात आले. नोंदणी मोबाइलवरच झाली, पण काम स्थानिक कार्यालयात असल्याने जबाबदार माणूस समोर होता. मुदत संपल्यावर पुढे काय, हा त्या मुलांचा मोर्च्यांतला सवाल मात्र अनुत्तरित राहिला.

खरं काम जाहिरातीच्या मजकुरावर करायचं आहे. परदेशी पाठवणाऱ्या एजंटाचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर कुणालाही तपासता येतो आणि त्याने उमेदवाराकडून किती शुल्क घ्यावं याला ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी मर्यादा आहे. चाकणला पाठवणाऱ्याबद्दल गावातल्या मुलाच्या हाती असं काही नाही. कंत्राटदाराने मजुरी बुडवली तर मूळ मालकाने ती द्यायची, हे १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून चालत आलेलं तत्त्व आहे. पण मूळ मालक कोण, हेच मेसेजमध्ये नसेल तर त्या तत्त्वाचा उपयोग शून्य. कंपनीचं नाव, कंत्राटदाराचा परवाना क्रमांक आणि हातात येणारा पगार एवढं तीन ओळींत लिहायला अवघड नाही. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयाला या तीन ओळी नसलेली जाहिरात आपल्या मेळाव्यात आणि आपल्या ग्रुपवर येऊ न देणं उद्यापासून सुरू करता येईल. त्यासाठी कायद्याची वाट बघायला नको.

कायद्याचंही उदाहरण फार लांब नाही. देवरीच्या पुढे सीमा ओलांडली की लागणाऱ्या छत्तीसगडने माणसं पुरवणाऱ्या खाजगी एजन्सींच्या नियमनाचा कायदा २०१३ मध्येच केला, मुख्यतः घरकामाला पाठवल्या जाणाऱ्या मुलींच्या फसवणुकीनंतर. एजन्सीला नोंदणी करावी लागते, कुणाला कुठे पाठवलं त्याचं दप्तर ठेवावं लागतं. आमगाव-सालेकशाच्या ग्रुपमध्ये जो नंबर फिरतो तोच राजनांदगावच्या ग्रुपमध्येही फिरत असतो. तिथे त्याला परवाना दाखवावा लागत असेल, तर इथल्या ग्रुप ॲडमिननेही तो मागायला हरकत नसावी.